सहाशे सदुसष्टावी टिक

१

एक पाकीट कमी भरलं.

बिस्किटांच्या कारखान्यात एक पुडा कमी भरला असता तर कुणी मान वर करून बघितलंही नसतं. पण हा छापखाना परीक्षेच्या प्रश्नपत्रिका छापणारा होता. एका पाकिटात पंचवीस प्रश्नपत्रिका, चाळीस पाकिटांचं एक खोकं आणि सतरा खोक्यांची आजची खेप. सतरावं खोकं एकोणचाळिसावरच थांबलं आणि सकाळी दहाच्या सुमारास सगळ्या छापखान्याच्या तोंडचं पाणी पळालं. परीक्षा तीन दिवसांवर आली होती. सतरा हजार मुलं तिला बसणार होती.

साडेअकराला सेन्सरवाल्या बाई हजर झाल्या. साठीला टेकलेल्या, हातात हत्यारांची जुनी पिशवी आणि जीभ पिशवीतल्या कुठल्याही हत्यारापेक्षा धारदार. यंत्रांना डोळे बसवणं हा त्यांचा धंदा. बाटल्या मोजणारे, डबे मोजणारे, दार उघडणारे, मशीन थांबवणारे असे किती डोळे त्यांनी तीस वर्षांत बसवले असतील, त्यांनाही आठवत नव्हतं. या छापखान्यातले दोन्ही डोळे त्यांचेच होते.

"बसा," मॅनेजर म्हणाले. ते स्वतः मात्र उभेच होते.

"बसायला बोलावलंय होय? मला वाटलं पाकीट शोधायला."

"पाकीट नाही मिळायचं, बाई. हॉलमध्ये तिघं होते, तिघांची झडती झाली. हॉल दोनदा पालथा घातला. सकाळपासून कुणी बाहेर पडलेलं नाही."

"कॅमेरे?"

"प्रश्नपत्रिका छापतो त्या खोलीत कॅमेरा? उद्या तोच पेपर फोडेल." मॅनेजरांनी टेबलावरचा कागद त्यांच्यापुढे सरकवला. "हे बघा. सुरुवातीचा सेन्सर म्हणतो सहाशे ऐंशी पाकिटं गेली. शेवटचा लेझर म्हणतो सहाशे ऐंशी. आणि खोक्यांत आहेत सहाशे एकोणऐंशी. म्हणजे पाकीट लेझरच्या पुढे गेलं, आणि मगच गायब झालं. लेझरच्या पुढे एकच माणूस बसतं."

"मोजणाऱ्या वहिनी," बाई म्हणाल्या.

"चारला परीक्षा मंडळाचे साहेब येतायत. दोन्ही सेन्सर ठीक आहेत म्हणून तुमची सही हवी. ती मिळाली की परीक्षा पुढे ढकलायची आणि वहिनींना पोलिसांच्या हवाली करायचं."

"पाकीट कमी आहे हे ओरडून सांगितलं कुणी?"

"वहिनींनीच." मॅनेजर जरा अडखळले. "पण खोकी पुढे मंडळात उघडतात, तिथे कळणारच होतं. म्हणून आधीच कांगावा केला."

"चोरी करायची आणि आपणच घंटा वाजवायची. भारी चोर आहे."

"बाई, थट्टा नको." मॅनेजरांनी आवाज खाली आणला. "वहिनींच्या घरची मुलगी या परीक्षेला बसतेय. ही गोष्ट त्यांनी आमच्यापासून लपवली. आज सकाळी कळलं."



२

हॉलमध्ये जायचं म्हणजे मोबाइल बाहेर ठेवायचा, घड्याळ बाहेर ठेवायचं आणि बिनखिशाचा निळा झगा अंगावर चढवायचा. बाईंची हत्यारं एकेक करून मोजून आत सोडली. बरोबर सुपरवायझर होता. पंचविशीतला, इस्त्री केलेला, नियमांची वही छातीशी धरून चालणारा. सकाळपासून रडवेला झाला होता बिचारा.

हॉल लांबट होता. एका टोकाला कागद कापायचं मशीन, तिथून बेल्टवर पाकिटं निघायची. वाटेत पहिला सेन्सर. पुढे पाकिटाला प्लॅस्टिकची पट्टी आवळणारं मशीन. त्याच्या पुढे भिंत, भिंतीला चौकोनी खिडकी, खिडकीच्या अलीकडे लेझर. बेल्ट खिडकीतून पलीकडच्या छोट्या खोलीत जायचा. तिथे वहिनी पाकिटं हातात घेऊन खोक्यात भरत.

"बाई, विचारू का?" सुपरवायझर म्हणाला. "लेझर एवढा चांगला आहे तर तिकडे तो जुना सेन्सर कशाला ठेवलाय? दोन्हीकडे लेझर असते तर हा गोंधळच झाला नसता."

"कोण म्हणतं लेझर चांगला? जागा बघून डोळा लावायचा असतो." बाई पहिल्या सेन्सरपाशी वाकल्या. कामगार त्याला मोठा डोळा म्हणायचे. "या खांबातून उजेड निघतो, समोरच्या खांबात शिरतो. अंगठ्याएवढा जाड झोत आहे. पाकीट मधे आलं की उजेड अडतो आणि आकडा पुढे सरकतो. साधा फोटो-इलेक्ट्रिक सेन्सर. आता इथे बोट फिरव."

सुपरवायझरने काचेवरून बोट फिरवलं. बोट पांढरं झालं.

"कागदाची धूळ. मोठ्या डोळ्याला तिचं काही वाटत नाही, झोत जाड असतो ना. थोडा अडला तरी बाकीचा पोचतो. लेझर इथे लावला असता तर तुला फडकं घेऊन दिवसभर त्याच्याशेजारी उभं केलं असतं."

"मग पुढे का लावला?"

"पुढे पट्टी आवळून झाल्यावर पाकिटं एकमेकांच्या अंगाला लागून जातात. मधे अर्ध्या बोटाची फट. मोठ्या डोळ्याला ती फट दिसतच नाही. दोन पाकिटं गेली तरी तो एकच म्हणतो. बारीक डोळ्याचा, म्हणजे लेझरचा, किरण मोहरीएवढा. त्याला फट दिसते. म्हणून इथे हा, तिथे तो."

त्या लेझरपाशी आल्या. लेझरवर त्यांनीच बसवलेलं पारदर्शक झाकण होतं, कुलूपबंद. झाकण उघडलं की बेल्ट आपोआप थांबायचा. आत वाफ धरू नये म्हणून पट्टीच्या मशीनच्या बाजूने झाकणाला एक फट ठेवलेली होती, पोस्टकार्ड आत जाईल एवढीच. हात जायचा प्रश्नच नव्हता. झाकणाच्या वर बाईंच्याच गिचमिड अक्षरात एक चिठ्ठी डकवलेली होती: 'पट्टीचं शेपूट एका पेराहून लांब सोडू नये.' गेल्या वर्षीची असावी. कडा पिवळ्या पडल्या होत्या.

बाईंनी दोन्ही डोळ्यांपुढून दहा दहा पाकिटं सोडली. दोन्हीकडे दहाच. दर पाकिटाला लेझरखालच्या डबीतून 'टिक' असा आवाज यायचा. पुन्हा वीस सोडली, वीसच. लेझरची काच स्वच्छ, तारा घट्ट, किरण सरळ.

खोट काढायला काही जागाच नव्हती. दोन्ही सेन्सर ठणठणीत होते, आणि बाईंना खोटी सही कधी करता आली नव्हती. आता चारपर्यंत दुसरं काही हाती लागलं नाही, तर त्या खऱ्या सहीनेच एका बाईचं आयुष्य मातीत जाणार होतं.

३

वहिनी आपल्या खोलीत स्टुलावर बसल्या होत्या. दाराशी पहारेकरी. रडून झालं होतं, आता नुसता राग उरला होता.

"तुम्हीपण विचारणार, पाकीट कुठे ठेवलं?"

"नाही," बाई खोक्यावर टेकल्या. "मुलीचं विचारते."

"मुलगी नाही, पुतणी. दिराची. चार वर्षांची होती तेव्हापासून माझ्याकडे आहे. फॉर्मवर छापलं होतं, 'आपला मुलगा किंवा मुलगी परीक्षेस बसत आहे काय?' मी लिहिलं, नाही." वहिनींनी झग्याच्या बाहीने नाक पुसलं. "खोटं नव्हतं ते. पण खरंही नव्हतं, हे मला तेव्हाच कळत होतं. या खोलीत काम मिळायला अकरा वर्षं लागली मला. सोडवेना."

"घरी पेपरबद्दल काही?"

"छपाईचे दिवस आले की मी घरात परीक्षेचा प सुद्धा काढू देत नाही. पोरगी म्हणते, काकू, तू तर माझ्यापेक्षा जास्त घाबरतेस." त्या एकदम थांबल्या. "मी चोर ठरले तर तिलाही परीक्षेला बसू देणार नाहीत. आज नाही, कधीच नाही. माझं जाऊ दे हो, तिचं काय?"

 बाई खाकरल्या.

"सतरावं खोकं आठवून सांगा. अगदी पहिल्यापासून."

"सव्वीस पाकिटं सुरळीत आली. मग बेल्टची गाडी थांबली. पट्टीच्या मशीनवरच्या काकांनी ओरडून सांगितलं, 'रोल बदलतोय.' पाच-सात मिनिटं गेली. मग पुन्हा सुरू झाली." वहिनी कपाळाला आठ्या घालून बोलत होत्या. "आणि आधी टिक आली. पाकीट आलंच नाही. पाकीट मागाहून आलं, त्याची वेगळी टिक."

"हे सांगितलं का मॅनेजरना?"

"सांगितलं. ते म्हणाले, तुम्हाला भास झाला. मला भास होत नाही हो. मी कानाने मोजते. हाताने भरते, कानाने मोजते, दोन्ही जुळलं तरच खोकं बंद. लोक हसतात मला. जिन्याच्या पायऱ्यासुद्धा मोजते म्हणून."

"किती आहेत?"

"एकवीस. पण पहिली फुटलीय, ती धरायची की नाही ते तुम्ही ठरवा."

बाई मनापासून हसल्या. सोळा खोकी आणि सव्वीस. म्हणजे सहाशे सहासष्ट. चुकलेली टिक सहाशे सदुसष्टावी. आता त्यांना फक्त एवढंच शोधायचं होतं, की पाकीट नसताना लेझरपुढून नेमकं गेलं तरी काय.

४

"झाकणाची किल्ली तुझ्याकडे?" बाईंनी सुपरवायझरला गाठलं.

"माझ्याकडेच. नऊला मी काच पुसली, चौदावं खोकं संपल्यावर. वहीत लिहिलंय. त्यानंतर झाकण उघडलेलं नाही. उघडलं की बेल्ट थांबतो, आणि त्याची वेळ मशीनमध्ये उमटते. बघा हवं तर."

बाईंनी बघितलं. नऊ वाजता एकदाच.

"आकडा हाताने वाढवता येतो का?"

"किल्लीने येतो. पण मी..." सुपरवायझरचा आवाज फाटला. "बाई, मी नाही हो. माझी नोकरी लागून आठ महिने झालेत."

"रडू नकोस. तू नाहीस. किल्ली खिशात असताना माणूस टिक वाजवत बसत नाही, सरळ आकडा वाढवतो." तो बिनखिशाच्या झग्यात खिसा शोधू लागला, तेव्हा बाईंना पुन्हा हसू आलं. "पाकीट फाटलं तर काय करता तुम्ही?"

"बेल्ट थांबवायचा, मला हाक मारायची, फाटलेलं पाकीट पेटीत टाकून सील करायचं, वहीत नोंद. या महिन्यात दोन फाटली. तिसरं फाटलं तर नियमाप्रमाणे मशीनवाल्याची डॉक्टरी तपासणी. पण तशी वेळ नाही आली."

"रोल बदलला तेव्हा तू कुठे होतास?"

"कटिंगपाशी. ब्लेडचा आवाज फार, काही ऐकू येत नाही तिथे."

पट्टीच्या मशीनवर काका होते. सगळे त्यांना काकाच म्हणायचे. तीस वर्षं याच हॉलमध्ये, पांढऱ्या मिश्या, गोड बोलणं. बाई तीन पावलांवर जाऊन उभ्या राहिल्या.

"कोण?" काकांनी मान वर केली.

"यंत्रांची डोळेवाली."

"अरे, बाई! आवाज ऐकला की जीव भांड्यात पडतो बघा. काय हे झालं! वहिनी असं करतील असं वाटलं नव्हतं."

"मला अजूनही वाटत नाही." बाईंनी इकडेतिकडे पाहिलं. भिंतीशी पट्टीचे रोल उभे होते, बैलगाडीच्या छोट्या चाकांएवढे, मधे पुठ्ठ्याची पोकळ नळी. पाच रोल पुरे भरलेले, सहावा अर्धा वापरलेला. त्याचं टोक नीट गाठ मारून बांधलेलं. "किती वाजले असतील हो, काका? माझं घड्याळ बाहेर ठेवून घेतलं."

समोरच्या भिंतीवर ताटाएवढं घड्याळ होतं. काकांनी त्याच्याकडे पाहिलं, मग हसले.

"आमच्याकडे वेळ बेल्ट सांगतो, बाई. बेल्ट थांबला की जेवण."

"आणि अंगठ्याला काय झालं?" अंगठ्याला नवी पट्टी गुंडाळलेली होती.

"कागद लागला. कागदाची धार काय कमी असते?"

बाईंनी मान डोलावली आणि मागे वळल्या. वळता वळता त्यांची नजर लेझरवरच्या त्या पिवळ्या चिठ्ठीवर गेली. आपलंच अक्षर. आपण ही चिठ्ठी कधी लिहिली, का लिहिली आणि कुणाला वाचून दाखवली, ते त्यांना लख्ख आठवलं.

त्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. पाकीट कुठे आहे हे त्यांना आता कळलं होतं. आणि त्याहून वाईट म्हणजे, ही युक्ती त्या माणसाला शिकवली कुणी, तेही कळलं होतं.

५

चारला मंडळाचे साहेब आले. बारीक चणीचे, बारीक आवाजाचे आणि एकही शब्द वाया न घालवणारे. बाईंनी सगळ्यांना हॉलमध्येच बोलावलं. वहिनींनाही.

"सही आणलीत?" मॅनेजरांनी विचारलं.

"आणलीय. दोन्ही सेन्सर ठीक आहेत. दोघांनीही खोटं सांगितलेलं नाही."

वहिनींनी डोळे मिटले.

"पण आपण त्यांना काय विचारलं, तेही बघायला हवं," बाई पुढे म्हणाल्या. "आपण विचारलं, पाकीट गेलं का? सेन्सरला पाकीट कळत नाही, साहेब. त्याला एवढंच कळतं, की मधे काहीतरी आलं. आता बघा."

त्यांनी जमिनीवरून पट्टीचा एक तुकडा उचलला. अर्ध्या बोटाची रुंदी, वीतभर लांबी. मोठ्या डोळ्यापाशी जाऊन त्यांनी तो झोतात धरला. आकडा हलला नाही. आडवा धरला, उभा धरला. आकडा तसाच.

"झोत अंगठ्याएवढा. पट्टी तो पुरता अडवूच शकत नाही. या डोळ्याला फसवायचं तर पाकिटाएवढी वस्तू हवी."

मग त्या लेझरपाशी आल्या. झाकणाला कुलूप होतंच. त्यांनी तीच पट्टी झाकणाच्या फटीतून आत सारली.

टिक.

आकडा एकाने पुढे गेला. मॅनेजरांचं तोंड उघडं राहिलं.

"हीच टिक वहिनींनी ऐकली होती. सहाशे सदुसष्टावी. भास नव्हता. तेव्हा सहाशे सहासष्ट पाकिटं पुढे गेली होती आणि सहाशे सदुसष्टावं मोठा डोळा आणि बारीक डोळा यांच्या मधेच अडकलं होतं. ही फट भिंतीच्या या बाजूला आहे, वहिनींचा हात इथे पोचत नाही. सुपरवायझरकडे किल्ली आहे, त्याला फटीची गरज नाही. उरलं कोण?"

 काका मशीनला धरून उभे होते.

"लेझर पट्टीने फसतो, हे इथे कुणालाच ठाऊक नव्हतं. एक माणूस सोडून. गेल्या वर्षी पट्टीचं शेपूट लांब राहिलं की आकडा एकाने वाढायचा. मशीनवाल्याने मला बोलावून विचारलं, असं का होतं? मी त्याला बारीक डोळा समजावून सांगितला, शेपूट आखूड ठेवायला सांगितलं आणि ही चिठ्ठी डकवली. फट मात्र तशीच ठेवली. ती चूक माझी आहे, आणि मी ती कागदावर लिहून देणार आहे."

बाईंनी हात खिशाकडे नेला आणि झग्याला खिसा नाही हे आठवून तो मागे घेतला. मग त्या अर्ध्या रोलपाशी गेल्या.

"अर्धा रोल शिल्लक असताना कुणी रोल बदलत नाही. पट्टी गुंतली, पाकीट त्यात सापडलं, ओढाताणीत अंगठा कापला. मग पाकीट लपवायला रोल उतरवून ठेवावाच लागला. हॉल दोनदा पालथा घातला तुम्ही, मॅनेजरसाहेब. पण तुम्ही चौकोनी पाकीट शोधत होता. चौकोनी पाकीट गुंडाळलं की गोल होतं."

त्यांनी रोलच्या पोकळ नळीत हात घातला आणि चुरगळलेलं, एका कडेला फाटलेलं पाकीट बाहेर ओढलं.

६

"काका?" मॅनेजर म्हणाले.

"तिसरं होतं ते," काका म्हणाले. आवाज अगदी साधा होता. "तिसरं फाटलं की तपासणी. तपासणी झाली की डोळ्यांचं कळलं असतं. सहा महिने झाले, पुढ्यातलं पाकीट वाकडं येतंय की सरळ, मला दिसत नाही. आवाजावर चालवतोय मशीन. मला वाटलं, आकडे जुळले की झालं. उद्या सीलची पेटी उघडली की गुपचूप त्यात टाकून देईन. खोकं पुढे कुठेतरी कमी भरेल, कागदावर शेरा पडेल. वहिनी लेझरचा आकडा बघून खोकं बंद करतील असं वाटलं; त्या हाताने आणि कानानेही मोजतात, हे ध्यानातच घेतलं नाही."

"आणि मला पोलिसांकडे नेणार होते, ते तर ऐकलंत ना?" वहिनी पुढे आल्या. "सकाळपासून मी त्या खोलीत बसलेय. तुम्ही इथे उभे होतात. तुमचं जेवण झालं, काका?"

काकांनी नकारार्थी मान हलवली. जेवण झालं नव्हतं, हे सगळ्यांनाच माहीत होतं. पण ते काही उत्तर नव्हे, हे काकांनाही माहीत होतं.

मंडळाच्या साहेबांनी हात वर केला. "ते नंतर. आत पंचवीस आहेत का? पंचवीस असतील तर पेपर फुटलेला नाही आणि परीक्षा होईल. एक जरी कमी असली तरी होणार नाही. मी मोजतो. पालथ्या ठेवून."

पाकीट उघडायच्या आत वहिनी फिरल्या आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"मला कुणी सांगायला नको. माझ्या पुतणीचा पेपर आहे तो."

साहेबांनी क्षणभर त्यांच्या पाठीकडे पाहिलं आणि मोजायला सुरुवात केली. हॉलमध्ये दुसरा आवाज नव्हता. कागद सरकायचा, पुन्हा सरकायचा. सुपरवायझरचे ओठ हलत होते. मॅनेजर टेबलाच्या कडेला बोटं आवळून उभे होते.

शेवटचा कागद सरकला. साहेबांनी चष्मा वर केला.

"चोवीस."

मॅनेजर मटकन खुर्चीत बसले.  रोलमध्ये, जमिनीवर, मशीनच्या पोटात अशी सगळीकडे बाईंची नजर फिरली. एक पान कुठे जाईल? एक पान तर कुठेही जाऊ शकतं.

"साहेब," भिंतीकडून आवाज आला. वहिनी वळल्या नव्हत्या. "तेरावी पुन्हा बघा. ती जड वाजली. दोन आहेत."

साहेबांनी पुन्हा सुरुवात केली. तेराव्या कागदाशी थांबले, नखाने कोपरा उचलला. पट्टीच्या दाबाने दोन प्रश्नपत्रिका एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. त्यांनी त्या सुट्या केल्या आणि शेवटपर्यंत मोजत गेले.

"पंचवीस," ते म्हणाले. आणि मग, एकही शब्द वाया न घालवणारे ते साहेब आणखी म्हणाले, "धन्यवाद, वहिनी."

बाईंनी टेबल थोपटलं. "बघा मॅनेजरसाहेब! साहेब मोठा डोळा झाले, दोघांना एक समजले. फट दिसायला बारीक डोळा लागतो. नाहीतर असे कान."

पाकीट सील झालं. साहेबांनी परीक्षा ठरल्या दिवशी होईल असं लिहून दिलं. बाईंनी आपला कागद मागून घेतला आणि सहीच्या वर एक ओळ वाढवली: 'दोन्ही सेन्सर ठीक. झाकणाची फट ही माझी चूक.' मग पिशवीतून पत्र्याचा तुकडा काढून ती फट तिथल्या तिथे बुजवून टाकली.

काकांचा झगा मॅनेजरांनी उतरवून घेतला. मशीनवर ते पुन्हा उभे राहणार नव्हते, बाकीचं मंडळ ठरवणार होतं. दारातून जाताना त्यांचा हात चौकट शोधत होता. वहिनींनी ते पाहिलं. 

"काका, मला तुमचा राग आलाय. फार आलाय, आणि इतक्यात जाणार नाही," त्या म्हणाल्या. मग त्यांनी काकांचा दंड धरला. "जिना सांभाळा. एकवीस पायऱ्या आहेत, पहिली फुटलेली."

मॅनेजर मागून घाईघाईने आले. चेहऱ्यावरची शरम त्यांना लपवता येत नव्हती.

"वहिनी, पुतणीचं आता वहीत लिहावं लागेल. परीक्षा होईपर्यंत तुम्हाला हॉलमध्ये येता येणार नाही. तीन दिवस सुट्टी समजा. त्यानंतर तुमची जागा तुमचीच."

वहिनी पहिल्या पायरीवर थांबल्या.

"चार, साहेब," त्या म्हणाल्या. "आजचा धरला तर चार."